सोबत भरूया: हार्डांगर भरतकाम (कात्री मात्र विचारून)

फ्योर्डकाठी

नमस्कार मंडळी. क्रोशाच्या चर्चेच्या धाग्यावर दोघी-तिघींनी विषय काढला होता, तिथे भरकटायला नको म्हणून वेगळा धागा काढतेय. हार्डांगर शिकायचंय पण एकटीने हात घालायचा धीर होत नाही, अशा सगळ्यांसाठी.

मी नॉर्वेत बर्गनला राहते. इथून पूर्वेला हार्डांगरफ्योर्ड, समुद्राचा डोंगरांत १७९ किलोमीटर शिरलेला फाटा. काठाने सफरचंदाच्या बागा, मे महिन्यात नुसता फुलोरा. त्या भागातल्या बायकांच्या पारंपरिक पोशाखात, म्हणजे बुनादमध्ये, लाल चोळीसारखी बंडी असते आणि पुढे पांढरा एप्रन. त्या एप्रनवर खालच्या अंगाला रुंद जाळीदार पट्टा असतो, पांढऱ्यावर पांढरा. तेच हे काम. उत्ने नावाच्या गावात १९११ साली सुरू झालेलं लोकसंग्रहालय आहे, तिथे जुने पोशाख बघायला मिळतात. लांबून लेस वाटते. जवळ गेल्यावर कळतं की लेस जोडलेली नाहीच, त्याच कापडातले धागे कापून काढलेत आणि उरलेल्या धाग्यांवर विणलंय.

काम तीन टप्प्यांचं. आधी ब्लॉक भरायचे, मग ब्लॉकच्या आतले धागे कापून काढायचे, मग उरलेल्या धाग्यांची जाळी विणायची (जाळीतल्या चार-चार धाग्यांच्या दांडीला बार म्हणतात). ब्लॉक म्हणजे कापडाच्या चार धाग्यांवरून घेतलेले पाच सॅटिन टाके, आपला भरीव टाका. चार धागे आणि टाके पाच, इथे पहिल्या दिवशी सगळ्यांचा गोंधळ होतो. चार खणांना पाच खांब लागतात तसं आहे ते.

सामान:
कापड २२ काउंटचं, म्हणजे इंचाला २२ धागे (या कापडात दोन-दोन धागे जोडीने विणलेले असतात, जोडी म्हणजे एक धागा धरायचा). ब्लॉकसाठी ५ नंबरचा पर्ल कॉटन (पिळाचा चकचकीत सुती दोरा), जाळीसाठी ८ नंबरचा. बोथट टोकाची टॅपेस्ट्री सुई, २२ किंवा २४ नंबर. आणि बारीक टोकाची, खरोखर धारदार कात्री. भाजीची पाकिटं कापायची कात्री आणलीत तर मी धाग्यातून हाकलून देईन.

सगळ्यांनी एकच नमुना करायचा: ब्लॉकच्या पायऱ्यांची बर्फी, आत जाळी, बाहेर काजटाक्याची कड. चहाच्या कपाखाली बसेल एवढीच.

नियम एकच. ब्लॉक पुरे झाले की पुढून आणि मागून असे दोन फोटो इथे टाकायचे. दुसऱ्या कुणीतरी मोजून "बरोबर" लिहिल्याशिवाय कात्री लावायची नाही. पसंत नसेल तर धागा वाचा, पण यादीत नाव घालू नका.

सुईदोरा

मी! मी! पहिलं नाव माझं घाल ताई.
माझ्या आईच्या रुखवतात मॅटीवर भरलेले रुमाल होते, त्यातलं उरलेलं मॅटी अजून ट्रंकेत आहे. ते चालेल का? २२ काउंटचं कापड ठाण्यात तीन दुकानांत विचारलं, तिघांनीही "ऐडा देऊ का?" म्हणून विचारलं.

फ्योर्डकाठी

ऐडा नको. त्यात धाग्यांचे पुंजके करून विणलेलं असतं, क्रॉस स्टिचला छान, पण कापून विणायला घेतलं की जाळी ओबडधोबड दिसते.
मॅटीची परीक्षा घे. पट्टी ठेवून ५ सेंटीमीटरचा चौकोन टाचण्यांनी आख. त्यातले उभे धागे मोज, मग आडवे मोज. दोन्ही आकडे सारखे आले तर घे. उभे ४० आणि आडवे ३४ असं काही आलं तर तुझी बर्फी एका अंगाने दबलेली दिसेल आणि तू म्हणशील माझंच चुकलं. २२ काउंटला ५ सेंटीमीटरमध्ये सुमारे ४३ येतात, तेवढे नसले तरी हरकत नाही, सारखे हवेत.

कसुतीवेडी

सोलापूरहून. कसुती येते, आजीकडून शिकलेय. गवंती आणि मुरगी दोन्ही टाके. धागे मोजायची सवय आहे, गाठ न मारायची पण आहे. म्हणजे अर्धं काम झालं म्हणायचं का?

फ्योर्डकाठी

अर्ध्याहून जास्त! इथेही गाठ चालत नाही. दोऱ्याचं शेपूट लांब सोडायचं आणि नंतर मागून ब्लॉकच्या टाक्यांखाली सरकवायचं. फक्त एक लक्षात ठेवा. कसुतीत दोरा मागून तिरका नेला तर फार तर मागची बाजू बिघडते. इथे दोन ब्लॉकच्या मध्ये मागून तिरका दोरा गेला असेल, तर कापून खिडकी उघडल्यावर तो दोरा खिडकीत आडवा लटकतो. म्हणून मागचा फोटो मागतेय.

रोखठोक

प्रामाणिक प्रश्न, राग मानू नका. यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ आहेत, नमुने फुकट मिळतात. भरतकाम हे एकट्याने शांतपणे करायचं काम. त्यात "सोबत" कशाला? आठवडाभर सगळे फोटो टाकणार, बाकीचे "वॉव", "सुरेख गं" लिहिणार. तेच होतं प्रत्येक वेळी.

फ्योर्डकाठी

राग नाही. "सुरेख गं" मलाही नकोय, खरं सांगते.

इतर भरतकामात चुकलं की उसवता येतं. इथे एक क्षण असा येतो की नंतर उसवून भागत नाही, कापड कापलेलं असतं. आणि कापणं बरोबर की चूक हे आधीच्या मोजणीवर ठरतं. एका धाग्याची चूक भरताना दिसत नाही, कारण ज्या डोळ्यांनी मोजताना चूक केली त्याच डोळ्यांनी आपण तपासतो. व्हिडिओवाली बाई तिचं कापड दाखवते, तुमचं बघत नाही.

इथे हस्तकलेची मंडळं गावोगाव आहेत, त्यांची देशभरची संघटना १९१० पासूनची. आमच्या मंडळात टेबलाभोवती सगळ्या आपापलं काम घेऊन बसतात. कात्री काढली की बाई न बोलता कापड शेजारणीकडे सरकवते. शेजारीण चष्मा वर करते, सुईच्या टोकाने मोजते, परत देते. कौतुकबिवतुक काही नाही. मला तेवढंच इथे हवंय. म्हणून नमुनाही एकच ठेवलाय: जिने काल तोच कोपरा भरलाय तिला आज तुमच्या कोपऱ्यातली चूक चटकन दिसते.

रोखठोक

हे पटलं. नाव घाला. कापड मात्र बायकोचं वापरणार आहे, तिला सांगू नका.

डावखुरा

नागपूरहून. नावावरून प्रश्न समजला असेलच. सगळ्या आकृत्या उजव्या हाताच्या. मी उलटीकडून भरलं तर चालते ना?

फ्योर्डकाठी

चालतं. डावीकडे जायचं तिथे उजवीकडे जा, नमुना दोन्ही बाजूंनी सारखाच आहे, काही फरक पडत नाही. फरक फक्त कात्रीत. डाव्या हाताची कात्री मिळाली तर बघा, नाहीतर कापड फिरवून घ्या, पण पातं ब्लॉकला चिकटून बसलेलं तुम्हाला दिसलं पाहिजे. पात्याआड ब्लॉक झाकला जात असेल तर त्या कोनातून कापू नका.

मिनेसोटाची माई

वाचून फार बरं वाटलं. आमच्या गावात नॉर्वेहून आलेल्यांची वस्ती मोठी. १८२५ साली स्टाव्हांगरहून पहिलं जहाज अमेरिकेला निघालं, तेव्हापासून पुढे शंभर वर्षं माणसं येत राहिली, आणि हे भरतकाम पेट्यांतून सोबत आलं. इथल्या लुथरन चर्चमध्ये वेदीवरच्या कापडाला हार्डांगरची कड असते. शेजारच्या आयोवात डेकोरा गावी व्हेस्टरहाइम म्हणून नॉर्वेजियन-अमेरिकन संग्रहालय आहे, जमलं तर नक्की बघा.

चर्चच्या तळघरात बुधवारी बायका जमतात, मीही जाते. साडी नेसून गेले तर पदराची वीण उलटून बघतात आधी, मग हॅलो म्हणतात. मी सामील. डोळे आता साथ देत नाहीत, पण मोजून द्यायला बसेन.

फ्योर्डकाठी

माई, तुम्ही हव्यातच. तपासनीस म्हणून पहिलं नाव तुमचं.

सगळ्यांना पहिलं काम: २० सेंटीमीटरचा चौकोन कापा, कडा उसवू नयेत म्हणून गुंडाळटाका घाला. मधोमध एक उभी आणि एक आडवी कच्ची शिलाई घाला, चार धागे वर, चार धागे खाली. हीच तुमची मोजपट्टी. दोरा फिक्या रंगाचा घ्या, गडद रंगाचे तंतू पांढऱ्या कापडात अडकून बसतात. मग चारच ब्लॉकची एक खिडकी करून बघा, कोपऱ्यात, सरावाला. वरचा ब्लॉक उभ्या टाक्यांचा, बाजूचा आडव्या टाक्यांचा, आणि वळताना दोघांचं कोपऱ्याचं भोक एकच.

कसुतीवेडी

झाली खिडकी. फोटो टाकलेत. रिंग वापरावी का? माझ्या हातात रिंगेशिवाय कापड सैल पडतं.

फ्योर्डकाठी

ब्लॉक भरताना मी वापरत नाही, सुई एकाच हालचालीत खाली-वर निघते आणि वेग येतो. पण टाका ओढला जाऊन कापडाला चुण्या पडत असतील तर वापरा. टाका कापडावर नुसता टेकलेला हवा. मोजून बघितली तुमची खिडकी, बरोबर.

सुईदोरा

मॅटी नापास झालं. ४१ आणि ३५. शेवटी ऑनलाइन कापड मागवलं. आणि आता पूर्ण बर्फीच भरून टाकलीये, दोन रात्री जागून! पुढचा-मागचा दोन्ही फोटो आहेत. कात्री हातात घेऊन बसलेय, लवकर सांगा.

रोखठोक

मला तर ठीक दिसतंय.

मिनेसोटाची माई

थांब गं पोरी. कात्री खाली ठेव.
फोटो मोठा करून बघितला. वरच्या टोकापासून उजवीकडे उतरताना तिसरी पायरी बघ. वळताना कोपऱ्याच्या भोकातून सुई काढायची ती तू एक भोक पुढून काढलीस. तिथून खालचे सगळे ब्लॉक एक धागा खाली सरकलेत. खात्री करायची तर असं कर: डाव्या अंगाचा समोरचा ब्लॉक घे, त्याच्या सगळ्यात वरच्या धाग्याखाली सुई घाल आणि त्याच धाग्याच्या खालून सरळ उजवीकडे सरकवत ने. ती उजव्या ब्लॉकच्या आत पोचायला हवी. तुझी बाहेर निघेल.

सुईदोरा

बाहेरच निघाली 😭
पण माई, मग खालच्या टोकाला बर्फी जुळली कशी? शेवटचा ब्लॉक पहिल्याला बरोबर येऊन भिडला!

मिनेसोटाची माई

खालून दुसऱ्या पायरीवर तू एक धागा कमी घेतलायस. तो ब्लॉक तीन धाग्यांचा आहे, टाके चार. हात आपोआप जुळवून घेतो बघ, मनाला पत्ता लागत नाही.

फ्योर्डकाठी

हे मलाही फोटोत दिसलं नव्हतं. रोखठोक, बर्फी बंद झाली म्हणजे मोजणी बरोबर, असं सगळे धरून चालतात. दोन चुका एकमेकींना झाकतात. समोरासमोरचे ब्लॉक सुई सरकवून तपासणं हीच खरी तपासणी, प्रत्येक जोडीची.
सुईदोरा, चुकलेल्या पायरीपर्यंतच उसव, सगळं नको. पर्ल कॉटन उसवल्यावर पिंजतो, तो पुन्हा वापरू नकोस.

रोखठोक

मान्य. "ठीक दिसतंय" हे शब्द मागे घेतो. माझा फोटो खाली आहे. माईंनीच बघावा, बाकी कुणाचं "छान" नको.

मिनेसोटाची माई

छान नाहीये, पण बरोबर आहे. टाके जरा पिळलेत. दोरा सुईत लटकता सोड अधूनमधून, पीळ आपोआप निघतो. काप.

फ्योर्डकाठी

आता कापण्याबद्दल, नीट वाचा.
ब्लॉकला चार बाजू. दोन बाजूंना टाक्यांची टोकं आहेत, जिथे सुई कापडात गेली. दोन बाजूंना नुसता टाका आडवा पडलाय. कापायचं ते फक्त आतल्या अंगाला, टाक्यांच्या टोकांशी. आडव्या टाक्याच्या कडेने कधीही कापायचं नाही, तिथे धागा धरून ठेवणारं काही नाही आणि सगळं उसवत जातं.
कात्रीचं टोक चार धाग्यांखाली घाला, पलीकडे टोक बाहेर आलेलं दिसू दे, चार मोजा, मग दाबा. चारही एकदम कापायची भीती वाटली तर दोन-दोन. समोरच्या ब्लॉकपाशी तेच धागे पुन्हा कापा आणि चिमट्याने ओढून काढा. सरावाच्या खिडकीत एकूण १६ कापे येतात: चार उभे धागे दोन्ही टोकांना, चार आडवे दोन्ही टोकांना. ती आधी कापा, बर्फीला नंतर हात लावा. बर्फीत एका दिशेचे सगळे धागे आधी, मग दुसऱ्या दिशेचे.

आणि रात्री दिव्याखाली कापू नका. खिडकीपाशी, दिवसा, घरात कुणी हाक मारणार नाही अशा वेळी.

डावखुरा

ताई, गडबड झाली. सरावाचा नाही, बर्फीचाच धागा कापला गेला. फोटो पाहा. चारच्या ऐवजी पाच कापले. पाचवा म्हणजे जाळीच्या बारमधला. आता फेकून द्यायचं का?

फ्योर्डकाठी

फेकायचं काही नाही, भाऊ. तुमच्या कापडाला बाहेरून भरपूर माया सोडलीय, तिथून त्याच दिशेचा एक लांब धागा उसवून काढा. सुईत ओवा. कापलेला धागा पूर्ण काढून टाका आणि नवा त्याच्या वाटेने, वर-खाली तसाच विणत न्या. दोन्हीकडे ब्लॉकच्या मागून टाक्यांखाली सरकवून टोकं कापा. बार विणून झाल्यावर तुम्हालाही सापडणार नाही. म्हणूनच कडेची माया शेवटपर्यंत कापायची नाही.

डावखुरा

जमलं! आईला दाखवलं, तिला कोणता धागा ते ओळखता आलं नाही.

कसुतीवेडी

जाळीवर आलेय. चार धाग्यांचा बार, दोन वरून दोन खालून असा आठाच्या आकड्यात विणतेय. माझे बार मध्ये बारीक आणि टोकांना जाड होतात. का?

फ्योर्डकाठी

मधे जास्त ओढताय. प्रत्येक फेरीनंतर सुईने दोरा मागच्या फेरीला नीट टेकवा, ओढून घट्ट करू नका. आणि फेऱ्या मोजा. पहिल्या बारला जितक्या, तितक्याच सगळ्यांना.

एका बारवरून दुसऱ्यावर जाताना पायऱ्यांनी तिरकं जा. सरळ रेषेत गेलात तर दोरा मधल्या चौकात उघडा पडतो.

सुईदोरा

मला ते मधलं वेटोळं हवंय! बर्फीच्या प्रत्येक खिडकीत चार टोकांचं छोटं फूल असतं ते.

फ्योर्डकाठी

डव्हज आय. खिडकीच्या तीन बाजूंचे बार पूर्ण विणून घे, चौथा अर्धाच. तिथे थांब. दोरा आता चौथ्या बारच्या मध्यावर आहे. तिथून शेजारच्या बारच्या मध्यात सुई खुपस, सैल फास घे आणि सुई त्या फासाच्या वरून काढ. तसंच पुढच्या दोन बारांना. परत आलीस की पहिल्या फासाखालून सुई नेऊन चौथा बार उरलेला अर्धा विण. फास सगळे एकाच दिशेने गुंतले पाहिजेत, एक जरी उलटा गेला तरी फूल फिरल्यासारखं दिसतं. पहिली दोन-तीन वाकडी येतील. ती सोडून द्या, उसवत बसलात तर बारच पिंजेल.

रोखठोक

एक विचारू? बायकोने पकडलं. तिला कापडापेक्षा रंगाचा राग आहे. ती म्हणते पांढऱ्यावर पांढरं काय भरायचं, अबोली दोरा घे. परंपरेला धक्का वगैरे बसेल का?

कसुतीवेडी

आमच्याकडे काळ्या इरकलीवर रंगीत कसुती असते, पांढऱ्यावर पांढरं मलाही आधी फिकं वाटलं. पण जाळी झाल्यावर खाली हात धरला तेव्हा पटलं. रंग घातला तर ब्लॉक उठून दिसतात, जाळी मागे पडते.

फ्योर्डकाठी

तिथेच खरी मेख आहे. एप्रनखाली गडद घागरा असतो, त्यामुळे पांढऱ्या जाळीतून तो दिसतो आणि नक्षी उठते. नुसत्या पांढऱ्या मेजावर ठेवलंत तर काहीच दिसणार नाही. १७ मे, म्हणजे इथल्या राज्यघटनेचा दिवस, त्या दिवशी रस्ते या पोशाखांनी भरतात. बुनाद शिवणं आणि नेसणं याला २०२४ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. तरीही मंडळातल्या आजीबाई रंगीत दोऱ्याला नाक मुरडत नाहीत, नाक मुरडतात ते सैल बारला.
माझं मत: शिकताना साय-रंगाचं कापड आणि पांढरा दोरा. मोजणं सोपं जातं. अबोली दुसऱ्या खेपेला. वहिनींना यादीत घ्या, त्यापेक्षा.

रोखठोक

घेतलं. आता ती माझं मोजते, मी तिचं. बोलणं बंद आहे, पण मोजणी चालू आहे.

सुईदोरा

कडेचा काजटाका पूर्ण! आता बाहेरचं कापड कापू का आधी धुऊ? हाताचा मळ लागलाय थोडा.

फ्योर्डकाठी

आधी धू. कोमट पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाब. ओलसर असतानाच जाड टॉवेलवर उलटं ठेवून इस्त्री कर, म्हणजे ब्लॉक चपटे होत नाहीत. पाण्याने कापड आटतं, टाके घट्ट बसतात. वाळल्यावर मागच्या बाजूने कड काप, काजटाक्याच्या गाठींना लागून. आधी कापलंस तर धुताना कडेने मिशा फुटतात.

मिनेसोटाची माई

आणि कापताना टाके स्वतःकडे वाकवून धर, म्हणजे कात्री कापडालाच लागेल.

कसुतीवेडी

माझं पण धुऊन वाळतंय. पुढचं काय? मला लेकीच्या रुखवतासाठी ताटावरचा रुमाल करायचाय, २८ काउंटच्या लिननवर. दोरे कोणते घेऊ? तेच ५ आणि ८?

फ्योर्डकाठी

नाही, ते जाड होतील. ब्लॉकला ८, जाळीला १२, सुई २४ किंवा २६. लिननचे धागे कुठे जाड कुठे बारीक असतात, म्हणून पट्टीवर विसंबू नका, प्रत्येक वेळी धागेच मोजा. रुमालाचा नमुना इथे टाका, कोपरा वळतो तिथे आकडे बसतात का ते कापड कापायच्या आधी बघून घेऊ. लग्न कधी आहे?

कसुतीवेडी

मार्गशीर्षात.

फ्योर्डकाठी

मग कड साधी ठेवा.